बोटावरची शाई पुसली गेली तर नेमकं बिघडतं काय?

जानेवारी २०२६ मधे महापालिकांचं मतदान झालं त्या दिवशी आमच्या गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सकाळपासून दुसरा विषयच नव्हता. मुंबईत कोणीतरी मतदान करून बाहेर येतो, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेतो, बोट घासतो आणि मार्करचा डाग गायब, असे व्हिडिओ एकामागून एक. ग्रुपमधे अर्धे चाकरमानी आणि अर्धे गावाला राहणारे, त्यामुळे वाद पण तसाच, मुंबईवाले म्हणतात सरळसरळ घोटाळा आहे आणि गाववाले म्हणतात अरे पुसली तर पुसली, यादीवर खूण झालीय ना, परत कोण आत सोडणार तुम्हाला. मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे, आणि जे अर्धं सुटतंय त्याचा संबंध मुंबईपेक्षा आपल्या कोकणाशी जास्त आहे. पण त्याच्या आधी ही शाई असते काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

शाई नावाची, काम चांदीचं

लोकसभा-विधानसभेला छोट्या तपकिरी बाटलीतून जी शाई लावतात तिच्यात मुख्य माल असतो सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा एक क्षार, पाण्यात सहज विरघळणारा. साधारण १० ते १८ टक्के. सोबत जांभळा रंग असतो तो लावल्या लावल्या खूण दिसावी म्हणून, आणि लवकर वाळावी म्हणून अल्कोहोल. पूर्ण फॉर्म्युला गुप्त ठेवलेला आहे, पण त्यामागची केमिस्ट्री काही गुप्त नाही, कॉलेजच्या लॅबमधे पोरं करतात ती.

होतं असं की आपल्या कातडीवर घामाचं मीठ असतंच. चांदीचा क्षार त्या मिठाला भेटला की सिल्व्हर क्लोराईड तयार होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग त्याच्यावर उजेड पडतो, खास करून उन्हातले अतिनील किरण, आणि त्यातली चांदी सुटी होते, अगदी बारीक बारीक कणांत. इतकी बारीक चांदी चकचकीत दिसत नाही, काळी दिसते. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो ह्याच चांदीच्या जोरावर निघायचे. बाटली तपकिरी असते ती पण ह्यासाठीच, आतल्या मालाला आधीच उजेड लागला तर तो बाटलीतच काळा पडायचा.

काजूच्या बोंडूचा रस शर्टावर सांडला नाही असं पोर कोकणात शोधून सापडणार नाही. सांडतो तेव्हा पाण्यासारखा, दिसत पण नाही, आपण म्हणतो काय झालंय त्यात, आणि तोच शर्ट धुवून उन्हात वाळत घातला की तपकिरी डाग वर येतो तो शर्ट पायपुसणं होईपर्यंत तसाच. शाईचं पण तेच. केंद्रात बोटावर जांभळं दिसतं तो निव्वळ दिखावा, खरी खूण नंतर उमटते, तुम्ही बाहेर येऊन सहाआसनीची वाट बघत उन्हात उभे असता तेव्हा. घरी जाऊन साबणाने जांभळा रंग बराचसा गेला तरी काळपट रेघ राहते आणि दुसऱ्या दिवशी उलट जास्त गडद दिसते, ते ह्यामुळे.

मग रिमूव्हरने जे गेलं ते काय होतं

नेलपॉलिश रिमूव्हरमधे बहुतेक वेळा अॅसिटोन असतं. त्याचं काम एवढंच की रंग आणि रंगाला चिकटवून ठेवणारा राळेसारखा पदार्थ विरघळवायचा. साधा परमनंट मार्कर म्हणजे तरी काय, रंग, चिकट पदार्थ आणि उडून जाणारं स्पिरिट. तो कातडीच्या वरच्यावर बसतो, पाण्याने जात नाही म्हणून परमनंट म्हणायचं, पण त्याच्या जातीचं सॉल्व्हंट मिळालं की लगेच सुटतो. चांदीला मात्र अॅसिटोन काही करू शकत नाही. म्हणजे एखादी खूण कापसाच्या दोन फेऱ्यांत स्वच्छ निघत असेल तर तिथे चांदी तरी नव्हती, किंवा होती ती इतकी कमी आणि इतक्या घाईत लावलेली की तिला बसायला वेळच मिळाला नाही.

त्यामुळे बाटली चांगली आणि मार्कर वाईट असा जो वाद चाललाय तो मला फुकटचा वाटतो. सिल्व्हर नायट्रेट भरलेले मार्कर पण असतात आणि जगात ते निवडणुकांना वापरले जातात. प्रश्न पेनचा नाहीच, पेनात काय भरलंय आणि ते किती घासून लावलंय ह्याचा आहे. घाईत पेन टेकवलं न टेकवलं करून पुढच्याला बोलावलं तर चांगल्यातली चांगली शाई पण काय करणार.

इथे एक गोष्ट बरेच जण मिसळतात. लोकसभा आणि विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, दिल्लीचा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महापालिका हे सगळं घेतो राज्य निवडणूक आयोग, तो वेगळा, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेला. बाटलीतली शाई आपण बघत आलो ती पहिल्याच्या निवडणुकीत. मार्करचा गदारोळ झाला तो दुसऱ्याच्या, आणि त्यांनी तेव्हा सांगितलं की स्थानिक निवडणुकांत मार्कर २०११ पासून वापरतोय, शाई पुसून परत मत देता येत नाही कारण मतदाराची नोंद झालेली असते. ह्या शेवटच्या वाक्याकडे खाली येतोच.

आणि हा घोळ फक्त आपल्याकडेच झालाय असं पण नाही. २००४ मधे अफगाणिस्तानात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काही केंद्रांवर भलतीच पेनं वापरली गेली, शाई पुसायला लागली आणि उमेदवारांनी भर मतदानात बहिष्काराची घोषणा केली. २०१३ ला मलेशियात तर शाई धुतल्यावर जायला लागली, नंतर कळलं की तिच्यात खाण्याचा रंग होता. चांदी वगळून शाई केली की हे असं होतं.

ही शाई आली कुठून

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची, तेव्हाच शाईच्या ३ लाख ८९ हजारांवर कुप्या लागल्या होत्या. तेव्हा बहुसंख्य मतदारांकडे फोटोचं ओळखपत्र सोडा, कसलाच कागद नव्हता, एक माणूस दोनदा आला तर ओळखायचा कसा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ह्या शाईचं काम केलं आणि १९६२ च्या निवडणुकीपासून ती बनवायचं काम म्हैसूरच्या सरकारी कारखान्याकडे गेलं, म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश. हा कारखाना १९३७ मधे महाराजा कृष्णराज वडियार चौथे ह्यांनी सुरू केलेला, जंगलात लाख मिळायची तिच्यापासून रंग आणि सीलची लाख बनवायला. आज तो कर्नाटक सरकारचा आहे आणि निवडणूक आयोगाला ही शाई पुरवतो तो हाच एक. १० मिलीच्या एका कुपीत साधारण ७०० मतदारांची बोटं होतात, २०२४ च्या लोकसभेला २६ लाखांवर कुप्या लागल्या, आणि दोन डझनांवर देशांना इथून शाई जाते.

जाता जाता, न पुसणारी खूण करायची विद्या आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. धोबी लोक कपडे ओळखायला बिब्ब्याच्या तेलाची खूण करायचे, वर चुना लावून पक्की करायचे, आणि बिब्बा म्हणजे काजूच्याच कुळातला. पण तो कातडीला लागला तर फोड येतात, म्हणून मतदाराच्या बोटावर त्याचा उपयोग नाही.

किती दिवस राहते, आणि नखावरच का

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत झडत असतो. शाई त्या थरात बसते, त्यामुळे थर झडला की खूण पण जाते, एक-दोन आठवड्यांत. ज्यांचा हात दिवसभर दोरीला, जाळ्याला, खवल्यांना, चिऱ्याला घासतो त्यांची त्याहून लवकर. समुद्राच्या पाण्याने मात्र ती जात नाही, होडीवर दिवसभर हात खाऱ्या पाण्यात असला तरी चांदी विरघळत नाही, जाते ती घासल्याने.

नखाचं गणित वेगळं. नख म्हणजे मेलेला पदार्थ, ते झडत नाही, पुढे सरकतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. शाई नखावर आणि नखाच्या मुळाशी बसली तर ती खूण नखाबरोबर पुढे जाते आणि शेवटी नेलकटरने कापली जाते, त्याला काही महिने लागतात. म्हणून २००६ पासून निवडणूक आयोगाचा नियम आहे की डाव्या हाताच्या तर्जनीवर नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेराच्या खालपर्यंत सरळ रेघ ओढायची. त्याच्या आधी नखाच्या मुळाशी छोटी खूण असायची. नुसत्या कातडीवर ठिपका लावणारा कर्मचारी भेटला तर त्याला नम्रपणे सांगा, दादा नखावर घ्या जरा.

आता मुख्य प्रश्न, नोंद झालीय तर शाई कशाला

केंद्रात गेल्यावर पहिला अधिकारी यादीत तुमचं नाव शोधून खूण करतो. दुसरा रजिस्टरमधे नोंद करून सही नाहीतर अंगठा घेतो आणि शाई लावतो. तिसरा चिठ्ठी घेतो, शाई आहे का बघतो आणि मग मशीन चालू करून देतो. म्हणजे त्याच केंद्रावर तासाभराने त्याच नावाने परत आलात तर पहिल्या टेबलावरच अडकणार, शाई असो नसो. इथपर्यंत आयोगाचं आणि आमच्या गाववाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण हे रजिस्टर त्या एका केंद्राचं असतं. पलीकडच्या शाळेतल्या केंद्राला ते दिसत नाही, आणि मालवणातल्या केंद्राला मुलुंडमधलं तर नाहीच नाही. एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत असेल तर दोन्ही याद्यांत तो वेगळा मतदार, दोन्हीकडे त्याच्या नावासमोरची जागा कोरी, दोन्ही पहिले अधिकारी त्याला बिनधास्त पुढे पाठवणार. तिथे त्याला अडवू शकणारी एकच गोष्ट उरते, त्याचं स्वतःचं बोट. रजिस्टर एका खोलीत बसून असतं, बोट माणसाबरोबर एसटीत बसून गावाला येतं.

आता सांगा हे कोणाला लागू होतं. कोकणात घर आणि मुंबईत नोकरी हा आपला तीन-चार पिढ्यांचा संसार आहे, गावच्या यादीत आजोबांपासून सगळ्यांची नावं आणि मुंबईला रूम घेतली तेव्हा तिथल्या यादीत पण घातलेलं. सगळे काही दोनदा मत द्यायला जात नाहीत, बहुतेकांना तर लक्षात पण नसतं. पण दुबार मतदार म्हणून जो विषय २०२५ च्या शेवटी एवढा तापला, याद्यांत संशयित दुबार नावांपुढे दोन तारका लावाव्या लागल्या, त्यात आपला वाटा नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तारखा बघितल्या की गंमत कळते. २०२४ च्या लोकसभेला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मेला होतं आणि मुंबई-ठाण्याचं २० मेला, मधे १३ दिवस. मे महिना, आंबे-काजूचा सीझन, सगळे गावालाच आणि परत जाताना २० तारखेच्या आधी मुंबईत. कातडीवरची खूण १३ दिवसांत फिकी होऊ शकते, नखावरची नाही होणार. तिथे चांदीची शाई बरोबर काम करते. आता स्थानिक निवडणुका घ्या, कोकणातल्या नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला आणि मुंबई महापालिकेचं १५ जानेवारी २०२६ ला, ४४ दिवस. एवढ्या दिवसांत नख सरकणार साडेचार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चांगली शाई नखभर लावली असती तर निम्म्याहून जास्त नखावर ती दिसलीच असती. पुसून जाणारा मार्कर असेल तर काहीच दिसणार नाही. म्हणून म्हटलं की नोंद झालेली असते हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे.

कोणी म्हणेल, मत द्यायला आलेला माणूस तोतया असला तर, आणि तुमच्या नावावर दुसरंच कोणी मत देऊन गेलं तर? त्याची पण सोय आहे. मतदान प्रतिनिधीला, म्हणजे केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला, एखाद्याच्या ओळखीवर संशय असेल तर २ रुपये भरून तो हरकत घेऊ शकतो (हो, अजून २ रुपयेच), मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आणि तुम्ही पोचायच्या आधी तुमच्या नावावर मत पडलेलं असेल आणि तुमची ओळख पटली, तर तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं, मशीनवर नाही. तोतयेगिरी केली तर भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे.

टूथपेस्ट, लिंबू, पपईचा चीक वगैरे

दर निवडणुकीला हे उपाय फिरतात. बहुतेकांनी जांभळा रंग जातो, काहींनी वरची मेलेली कातडी थोडी सोलली जाते, नखातली चांदी जागच्या जागी. चांदी खरोखर काढू शकतील अशी रसायनं लॅबमधे असतात पण त्यातली काही इतकी विषारी आहेत की बोटावर वापरायचा विचार पण करू नये.

खरी युक्ती लोक करतात ती आधी, बोटाला तेल किंवा मेण चोळून जायचं म्हणजे शाई आत शिरतच नाही. हे निवडणूक आयोगाला माहीत नाही असं समजू नका, अधिकाऱ्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की बोट तेलकट दिसलं तर आधी फडक्याने पुसायचं आणि मगच शाई लावायची. त्याच पुस्तिकेत शाईची कुपी कलंडू नये म्हणून वाटीत नाहीतर डब्यात वाळू घेऊन तिच्यात रोवून ठेवा असं पण आहे, वाळूची तरी आपल्याकडे कमी नाही. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत पण हे लागू, सकाळी मासे साफ करून नाहीतर नारळाचं तेल लावून थेट रांगेत उभे राहिलात तर हात धुवून कोरडे करून या. आणि बोट बघू द्यायला किंवा शाई लावून घ्यायला नकार दिला, किंवा तिथेच पुसायचा प्रयत्न केला, तर नियम ४९ के प्रमाणे मत देऊ देत नाहीत.

कातडीला त्रास होतो का? एका रेघेएवढ्या शाईने सहसा नाही. डॉक्टर पूर्वी चामखीळ जाळायला सिल्व्हर नायट्रेट वापरायचे, म्हणजे जास्त घेतलं तर भाजतं हे खरं, पण ती गोष्ट वेगळी. बोटाला ताजी जखम असेल तर आधीच सांगा. २०२० च्या मार्चमधे होम क्वारंटाइनचे शिक्के हातावर मारायला पण हीच शाई वापरायची परवानगी आयोगाने दिली होती, ते शिक्के घेऊन गावात शिरलेले चाकरमानी आणि त्यांच्याकडे बघणारं गाव कोण विसरेल.

बोटच नसेल तर

तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट. डाव्याला बोटंच नसतील तर उजव्याची तर्जनी किंवा दुसरं बोट. दोन्ही हातांना नसतील तर हाताचं जे टोक असेल तिथे. फेरमतदान झालं तर आधीची खूण तर्जनीवर असतेच, तेव्हा मधल्या बोटाला लावतात.

एवढं करण्यापेक्षा अंगठा मशीनवर का नाही घेत

हा प्रश्न तरुण पोरं हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे, रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांचे अंगठे किती वेळा लागत नाहीत ते बघा, त्यात मासेमारी आणि चिरेखाणीत घासून रेषाच उरल्या नाहीत असे हात. वर प्रत्येक केंद्रावर खात्रीचं नेटवर्क पाहिजे, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांवर फोन लावायला अजून घाटीवर चढावं लागतं. शिवाय मतदार यादीला आधार जोडणं ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. शाईला ना वीज लागते ना रेंज, आणि ती बघायला मशीन लागत नाही, रांगेतल्या कोणालाही दिसते.

पण शाई ही शेवटची अडवणूक आहे, दुबार नाव हा मूळ प्रश्न ती सोडवत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मधे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असायला पाहिजे असं साफ आहे, आणि खोटी माहिती देऊन नाव घातलं तर शिक्षेची तरतूद पण आहे. ज्यांची नावं दोन्हीकडे आहेत त्यांनी मत गावाला द्यायचं की मुंबईत ते एकदा ठरवावं आणि नको असेल तिथलं नाव काढायला फॉर्म ७ भरावा. एकाच ठिकाणी नाव आहे पण पत्ता बदलायचाय तर फॉर्म ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यायचे, गावाला ते बहुतेक शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई असतात, आणि पूर्ण वाडीला ओळखतात.